नाशिकच्या परसातली संशयित माती भाजीपाल्यासाठी सुरक्षित कशी करावी

नाशिकमध्ये बंगल्याच्या किंवा रो-हाऊसच्या मागे भाजीपाल्यासाठी जी जागा उरते, तिथली माती बहुतेक वेळा मूळची नसते. पाया खणताना निघालेला मुरूम, बांधकामाचा राडारोडा, कुठून आली हे कोणी न विचारलेली ट्रॉलीभर काळी माती, असे थर एकावर एक बसलेले असतात. वरून माती काळीभोर दिसते, पावसात गवतही छान उगवते. शिशाने भरलेल्या मातीतही गवत तितकेच छान उगवते. म्हणून झाडांच्या तजेल्यावरून मातीबद्दल निर्णय घेऊ नका.

माती कशाने बिघडली आहे हे आधी कळले पाहिजे, कारण एकावरचा उपाय दुसऱ्यावर चालत नाही. मैलापाण्यातले जंतू ऊन आणि वेळ यांनी मरतात. डिझेल-ऑइल शेणखत, हवा आणि ओलावा मिळाला की काही महिन्यांत बरेचसे कुजते. शिसे, कॅडमियम, आर्सेनिक ही मूलद्रव्ये आहेत. ती कुजत नाहीत, जळत नाहीत, जीवामृताने नाहीशी होत नाहीत. ती एकतर झाकायची, नाहीतर मातीत घट्ट बांधून ठेवायची, नाहीतर उचलून न्यायची. चौथा मार्ग नाही.

जागेचा इतिहास

चाचणीवर पैसे घालण्याआधी एक संध्याकाळ कागदपत्रांवर घाला. प्लॉट बिगरशेती होण्यापूर्वीचा जुना सातबारा काढा. त्यातल्या गाव नमुना बारामध्ये वर्षावर्षाची पीक पाहणी असते. महसूल विभागाच्या ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर नाशिक जिल्ह्याचे जुने उतारे मिळतात. गंगापूर रोड, मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव, पाथर्डी या भागांतल्या कितीतरी वसाहती शेतांवर आणि मळ्यांवर उभ्या आहेत. तुमच्या उताऱ्यावर दहा-वीस वर्षे द्राक्षे दिसली, तर पहिला संशय तांब्यावर घ्या.

हिशोब साधा आहे. द्राक्षांवर बुरशीसाठी फवारतात त्या एक टक्का बोर्डो मिश्रणात १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद असते आणि मोरचुदात सुमारे २५ टक्के तांबे. हेक्टरी १००० लिटरची एक फवारणी म्हणजे अडीच किलो तांबे. वरच्या १५ सेंमी मातीचे वजन हेक्टरी साधारण २० लाख किलो धरले, तर एका फवारणीने १ पीपीएमहून (मातीच्या किलोला १ मिलिग्रॅम) थोडी जास्त भर पडते. हंगामात अशा अनेक फवारण्या आणि तसे वीस हंगाम, की आकडा कुठे पोहोचतो ते दिसतेच. हे तांबे खाली वाहून जात नाही, वरच्या वीतभर थरातच बसून राहते.

सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींच्या कडेला, किंवा जिथे पूर्वी प्लेटिंगचे (धातूवर मुलामा चढवण्याचे) छोटे शेड, गॅरेज, बॅटरीचे दुकान, भंगाराचा अड्डा होता तिथे शिसे, क्रोमियम, निकेल, कॅडमियम आणि ऑइल यांचा संशय घ्या. जुन्या नाशकातल्या आणि पंचवटीतल्या वाड्यांच्या अंगणात जुन्या ऑइलपेंटचे पोपडे पिढ्यान्‌पिढ्या पडलेले असतात. भारतात घरगुती रंगातले शिसे ९० पीपीएमवर आणणारा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांची खात्री देता येत नाही. जुन्या वर्दळीच्या रस्त्याला लागून असलेल्या पट्ट्यात शिशाच्या पेट्रोलचा धूर २००० सालापर्यंत बसत आला आहे. भांडी घडवणारे, वितळवणारे कारखाने जिथे होते तिथे तांबे-जस्ताबरोबर कल्हई-डागकामाचे शिसेही सापडू शकते.

भरावासाठी एकलहरे वीजकेंद्राकडची राख वापरली गेली होती का, हे बांधकाम करणाऱ्याला विचारा. राखेत बोरॉन आणि आर्सेनिक असू शकते, आणि बोरॉनने पानांच्या कडा करपतात. गोदावरीच्या काठच्या भागांत २०१६ आणि २०१९ च्या पुराचा गाळ किती चढला होता तेही विचारा. नासर्डी आणि वाघाडीच्या काठांनाही हाच प्रश्न लागू आहे.

एक गोष्ट जवळजवळ सगळेच विसरतात: घराच्या पायाला केलेली वाळवीप्रतिबंधक फवारणी. त्यासाठी भिंतीच्या कडेने क्लोरपायरिफॉससारखे औषध मुद्दाम टिकाऊ मात्रेत मातीत मुरवलेले असते. जुन्या घरांना आल्ड्रिन, क्लोरडेन, हेप्टाक्लोर हीसुद्धा वापरली गेली आहेत, आणि ती दशकानुदशके टिकतात. भिंतीला लागून दुधीचा वेल चढवायची आपली आवड इथे नेमकी नडते. भोपळा, दुधी, काकडी या कुळातल्या वेली अशी जुनी ऑर्गॅनोक्लोरीन औषधे इतर भाज्यांपेक्षा जास्त ओढून घेतात.

दीड फुटाचा खड्डा

टिकाव घेऊन दोन-तीन ठिकाणी दीड फूट खोल खड्डा घ्या आणि कडेचा कट नीट बघा. मुरूम, विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, काच, करपलेल्या वायरींची राख, काळपट तेलकट थर, जे दिसेल ते खोलीसकट लिहून ठेवा. जळकट राखेचा थर दिसला तर तिथला नमुना वेगळा काढायचा. वायरी जाळून तांबे काढण्याच्या जागी शिसे आणि कॅडमियम हमखास असते.

ऑइलचा संशय असेल तर मूठभर माती काचेच्या ग्लासात पाण्यात ढवळा आणि स्थिर होऊ द्या. वर इंद्रधनुषी तवंग आला तर काडीने तोडून पाहा. तोडल्यावर तो परत जुळून आला तर तेल. पापुद्र्यासारखा फुटून वेगळा राहिला तर तो लोहावर वाढणाऱ्या जिवाणूंचा थर, त्याचा धोका नाही.

सिमेंटच्या जुन्या पत्र्याचे तुकडे सापडले तर त्यात ॲस्बेस्टॉस असते असेच धरून चाला. ते फोडू नका, घासू नका. पाणी मारून ओले करा, हातमोजे आणि चांगला मास्क घालून वेचा, जाड प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत बांधा. कोरड्या मातीत झाडूने गोळा करणे सर्वांत वाईट, कारण त्याने तंतू हवेत उडतात.

आणखी एक स्वस्त चाचणी. तीन कुंड्यांत संशयित माती आणि तीन कुंड्यांत खात्रीची माती भरा. प्रत्येकीत दहा बिया मूग आणि दोन टोमॅटोची रोपे लावून तीन आठवडे बघा. संशयित कुंडीत उगवण कमी, मुळे आखूड-जाड, पाने कपासारखी मुडपलेली दिसली तर तणनाशक, क्षार, बोरॉन किंवा जास्तीचे तांबे यांपैकी काहीतरी आहे. झाडे सुरेख आली तर एवढेच कळले की हे चार दोष नाहीत. शिसे, कॅडमियम या कुंडीत दिसत नाहीत.

नमुना आणि प्रयोगशाळा

इथेच बहुतेकांची फसगत होते. कृषी विभागाच्या मृद चाचणी प्रयोगशाळेतून मिळणाऱ्या मृद आरोग्य पत्रिकेत बारा घटक असतात: सामू (पीएच), विद्युत वाहकता (क्षारांचे माप), सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन. त्यात शिसे नाही, कॅडमियम नाही, आर्सेनिक नाही. सगळे रकाने हिरवे असलेली पत्रिका हातात असली, तरी ती माती भाजीला सुरक्षित आहे असे ती सांगत नाही. शिवाय त्यातले तांबे-जस्त हे डीटीपीए द्रावणात विरघळणारे, म्हणजे पिकाला लगेच मिळू शकणारे असते. मातीतले एकूण नव्हे.

तरीही ती पत्रिका काढाच, कारण सामू, वाहकता आणि सेंद्रिय कर्ब यांच्याशिवाय पुढचे उपाय ठरवता येत नाहीत. तिच्या जोडीला एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या पर्यावरण प्रयोगशाळेकडून ‘आम्लपचन करून एकूण’ शिसे, कॅडमियम, आर्सेनिक, क्रोमियम, निकेल, तांबे आणि जस्त मागा. मोजणी आयसीपी किंवा एएएस यंत्रावर होते. निकाल मिलिग्रॅम प्रति किलोमध्ये येतो, तोच पीपीएम. जवळ प्लेटिंगचे काम होते अशी माहिती असेल तर ‘हेक्झाव्हॅलंट क्रोमियम’ (क्रोमियमचा विषारी, सहासंयुजी प्रकार) वेगळे मागा. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या कृषी विज्ञान केंद्रात नेहमीच्या माती परीक्षणाचा अर्थ समजावून मिळतो, त्याचा उपयोग करून घ्या.

नमुना घेताना वाफ्याच्या जागेत नागमोडी फिरत आठ-दहा ठिकाणे निवडा. वरचा पालापाचोळा सारा, इंग्रजी व्ही आकाराचा १५ सेंमी खड्डा करा आणि त्याच्या एका बाजूचा बोटभर जाडीचा काप वरपासून खालपर्यंत काढा. सगळे काप प्लास्टिकच्या बादलीत एकत्र करा, सावलीत सुकवा, ढेकळे फोडा. चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत जा, अर्धा किलो उरेपर्यंत. जस्ताचा मुलामा असलेले घमेले किंवा खताची रिकामी गोणी वापरलीत तर जस्ताचा आणि कॅडमियमचा आकडा तुमच्या भांड्याचा येईल, मातीचा नाही.

लहान मुले खेळत असतील तर फक्त वरच्या ५ सेंमीचा एक वेगळा नमुना द्या, कारण हाताला आणि तोंडात जाते ती तेवढीच माती. भिंतीलगतचा पट्टा, रस्त्याकडेचा पट्टा, राखेची जागा आणि मधली मोकळी जागा यांचे नमुने कधीही एकत्र करू नका. चांगल्या मातीत मिसळले की वाईट जागेचा आकडा सौम्य दिसतो, आणि तुम्ही नेमके तिथेच पालक लावता.

आकडे वाचताना

परदेशी तक्ता समोर ठेवून नाशिकचा अहवाल वाचला तर उगाच घाबरायला होते. आपली माती बेसाल्ट खडकापासून झालेली आहे, आणि बेसाल्टमध्ये तांबे, क्रोमियम, निकेल मुळातच जास्त असते. कोणी काही न टाकलेल्या काळ्या मातीतही एकूण तांबे १०० पीपीएमच्या आसपास आणि क्रोमियम १०० च्या पुढे मिळणे नवलाचे नाही. हे क्रोमियम खनिजात अडकलेले, त्रिसंयुजी, पिकाला जवळजवळ न मिळणारे असते. त्यामुळे शक्य असेल तर त्याच परिसरातल्या, कधीच भराव न टाकलेल्या शेताचा एक नमुना तुलनेसाठी द्या.

शिशाचे उलट आहे. बेसाल्टमध्ये शिसे फार कमी. त्यामुळे अहवालात ५० च्या पुढे शिसे दिसले तर ते माणसाने आणलेले आहे असे समजा.

भारतीय अभ्यासांत शेतमातीसाठी वारंवार वापरल्या जाणाऱ्या मर्यादा अशा आहेत: शिसे २५० ते ५००, कॅडमियम ३ ते ६, तांबे १३५ ते २७०, जस्त ३०० ते ६००, निकेल ७५ ते १५० पीपीएम. घरच्या बागेसाठी आम्ही याहून कडक राहायला सांगतो, कारण शेतात मूल रांगत नाही, परसात रांगते. शिसे १०० च्या खाली असेल तर नेहमीची काळजी घेऊन थेट जमिनीत लावा. १०० ते २०० असेल तर माती सुधारून फळभाज्या जमिनीत, पालेभाज्या आणि मुळे-गाजरे वेगळ्या मातीत. २०० च्या वर असेल आणि घरात सहा वर्षांखालचे मूल किंवा गर्भवती असेल तर त्या मातीत काहीच लावू नका. उंच वाफा करा आणि उघडी माती झाका. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनेही निवासी मातीतल्या शिशाची तपासणीची पातळी २०२४ मध्ये ४०० वरून २०० वर आणली. ४०० च्या पुढे सगळ्यांसाठीच उंच वाफा. १२०० च्या पुढे गेले तर ती जागा बागेची नाही. फरशी किंवा काँक्रीट टाका.

आर्सेनिक २० च्या वर, किंवा हेक्झाव्हॅलंट क्रोमियम मोजता येण्याइतके सापडले तर घरगुती उपाय थांबवा. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नाशिक प्रादेशिक कार्यालयाला अहवाल जोडून लेखी कळवा आणि बोअरचे पाणीही तपासून घ्या.

उंच वाफा

धातूंवर सगळ्यात खात्रीचा उपाय हाच, आणि तो नीट केला तर पंधरा-वीस वर्षे टिकतो. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचावा म्हणून रुंदी ४ फुटांपेक्षा जास्त नको. ८ फूट बाय ४ फूट आणि सव्वा फूट खोल वाफ्याला ४० घनफूट माल लागतो. १०० घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे हा ब्रासच्या चार दशांश. माल दाबला जातो म्हणून १५ टक्के जास्त मागवा. पहिल्या पावसाळ्यानंतर तीन-चार इंच खाली बसतोच.

जमीन खणू नका. खणले की दूषित माती वर येते आणि धूळ उडते. पाणी मारून गवत कापा, जमीन सपाट करा आणि त्यावर द्राक्षबागांत वापरतात ती तण रोखणारी विणलेली वीड मॅट, पट्ट्यांच्या कडा एकमेकींवर फूटभर चढवून अंथरा. पिंपळगाव-ओझर पट्ट्यातल्या कृषी सेवा केंद्रांत ती सहज मिळते. शेडनेट चालत नाही, मुळे त्यातून आरपार जातात. अखंड प्लास्टिकही नको; काळ्या मातीवर पाणी तुंबून वाफा जुलैत सडतो. मॅटवर भडक रंगाची जुनी जाळी पसरून ठेवली तर उद्या दुसरे कोणी खणताना ‘इथून खाली जुनी माती’ हे त्याला कळते.

कडा विटांच्या करा. अर्ध्या विटेची भिंत, पाच थर, या मापाला साधारण १५० ते १६० विटा. तळच्या थरात दर दोन फुटांवर एक उभी फट उघडी ठेवा. पाडकामाच्या रंग लागलेल्या विटा, रेल्वेचे जुने स्लीपर, टायर, रंगवलेले लाकूड यांपैकी काही वापरू नका. एक विष टाळण्यासाठी दुसरे घरात आणल्यासारखे होते. भिंत बांधायची नसेल तर चांगल्या जाडीच्या एचडीपीई ग्रो बॅग, पण त्याही उघड्या मातीवर न ठेवता विटांवर ठेवा.

मिश्रण: २० घनफूट पोयट्याची माती, १२ घनफूट पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, ८ घनफूट धुतलेले कोकोपीट. कोकोपीटच्या जागी घोटी-इगतपुरीच्या भात गिरण्यांतले जुने, पावसात भिजलेले तूसही चालते. ताजे तूस पहिले दोन महिने नत्र ओढून घेते आणि रोपे पिवळी पडतात. नुसती काळी चिकण माती भरू नका, उन्हाळ्यात ती भेगाळते आणि कडेच्या विटा ढकलते.

आणलेली माती कुठली आहे हे ट्रॉलीवाल्याला विचारल्याशिवाय रिकामी करू देऊ नका. धरणातला किंवा पाझर तलावातला गाळ बहुधा चांगला. शहरातल्या नाल्याचा गाळ मुळीच नको. रस्ता रुंदीकरणात निघालेली माती नको. मोठ्या प्रमाणात घेणार असाल तर तिचीही शिशाची एक चाचणी करा. वाफा भरल्यावर कळून उपयोग नाही.

शहरी कचऱ्याचे कंपोस्ट घेताना पिशवीमागचा अहवाल मागा. खत नियंत्रण आदेशात सिटी कंपोस्टसाठी शिसे १००, कॅडमियम ५, आर्सेनिक १०, निकेल ५०, क्रोमियम ५० पीपीएम अशी कमाल मर्यादा आहे. निर्माल्याच्या खताबाबत विशेष जपा. पारंपरिक शेंदूर हा शिशाचाच ऑक्साइड आहे, आणि मारुती-गणपतीच्या देवळांतल्या हारा-पानांबरोबर तो खतात येतो. असे खत फुलझाडांना घाला, भाजीला नको.

जमिनीतच लावायचे असेल तर

१०० ते २०० शिसे, किंवा जुन्या द्राक्षबागेचे तांबे, अशा मध्यम प्रकरणात माती बांधून ठेवता येते. इथे परदेशी पुस्तकांतला पहिला सल्ला म्हणजे ‘चुना घाला’. नाशिकच्या काळ्या मातीत तो सल्ला चुकीचा आहे. तिकडच्या आम्लधर्मी मातीत चुन्याने सामू वर जातो आणि धातू अडकतात. आपल्या मातीचा सामू बहुधा ७.५ ते ८.५ असतो, म्हणजे ते काम निसर्गाने आधीच केले आहे. वरून चुना किंवा लाकडाची राख टाकलीत तर लोह मिळेनासे होऊन पाने पिवळी पडतील, पदरात काही पडणार नाही. गंधक टाकून सामू उतरवायचा खटाटोपही दूषित मातीत करू नका, त्याने बांधलेले धातू सुटतात.

मुख्य काम सेंद्रिय कर्बाचे. १०० चौरस फुटांवर २ इंच जाडीचा कुजलेल्या खताचा थर, म्हणजे साधारण १६ घनफूट, ५० किलोच्या पाच गोण्या, वरच्या ६ ते ८ इंचांत वाफशावर (माती ओलसर पण चिकट नसताना) मिसळा. पुढे दर वर्षी एक इंच. एकदा घालून थांबलात तर नाशिकच्या उन्हात दोन वर्षांत बराच कर्ब जळून जातो आणि धातूंची पकड सैल होते.

शिसे असेल आणि आर्सेनिक नसेल तर स्फुरदाचा उपयोग होतो. शिसे आणि स्फुरद मिळून अतिशय कमी विरघळणारे खनिज बनते. रॉक फॉस्फेट आणि हाडांचा चुरा आपल्या सामूला विरघळतच नाहीत, म्हणून सिंगल सुपर फॉस्फेट घ्या: १०० चौरस फुटांना १ किलो, एकदाच, मातीत मिसळून, चांगले पाणी देऊन. आर्सेनिक असेल तर हे करू नका. स्फुरद आर्सेनिकची जागा घेतो आणि आर्सेनिक सुटून पिकाला मिळते. म्हणूनच अहवाल हातात येण्याआधी खताची गोणी फोडायची नाही.

कॅडमियमचे आणखी एक कारण आपल्याकडे असते: जस्ताची कमतरता. जस्त कमी पडले की पीक त्याच वाटेने कॅडमियम ओढते. डीटीपीए जस्त कमी आले असेल तर १०० चौरस फुटांना २५ ग्रॅम झिंक सल्फेट द्या, पण सुपर फॉस्फेटबरोबर कालवून नव्हे, दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने. क्लोराइडनेही कॅडमियम मोकळे होते, म्हणून म्युरेट ऑफ पोटॅश टाळून द्राक्षवाले वापरतात ते सल्फेट ऑफ पोटॅश घ्या आणि मचूळ बोअरचे पाणी देऊ नका.

तांबे माणसापेक्षा मुळांना, गांडुळांना आणि शेंगवर्गीय पिकांच्या गाठींतल्या जिवाणूंना जास्त त्रास देते. तिथे खत वाढवा, पहिली दोन वर्षे चवळी-घेवड्याकडून फार अपेक्षा ठेवू नका, आणि करप्यावर कॉपर ऑक्सिक्लोराइड किंवा बोर्डो फवारणे बंद करा. ज्याने घर भरले आहे तेच परत आणायचे नाही.

सूर्यफूल, मोहरी लावून शिसे ‘ओढून काढण्याच्या’ चित्रफिती बऱ्याच फिरतात. शिसे मातीला इतके घट्ट चिकटलेले असते की या मार्गाने परसाची माती सुधारायला दशके लागतील, आणि निघालेला पाला कंपोस्टमध्ये गेला तर सगळे परत तिथेच.

ऑइल, मैलापाणी, वाळवीचे औषध

जनरेटर किंवा गॅरेजच्या जागी ऑइल सांडले असेल तर काळी तेलकट माती आधी काढून वेगळी ठेवा. उरलेल्या मातीत एक चतुर्थांश कुजलेले खत मिसळा, दर पंधरा दिवसांनी परता आणि मुठीत दाबल्यावर गोळा होईल पण पाणी सुटणार नाही इतका ओलावा ठेवा. डिझेल चार-सहा महिन्यांत बरेच उतरते. वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये धातूही असतात, तिथे धातूंची चाचणी केल्याशिवाय भाजी लावू नका.

सेप्टिक टाकीचा शोषखड्डा पाझरत असेल तर आधी तो दुरुस्त करा. पुराचा गाळ किंवा मैलापाणी आलेल्या मातीत शेवटच्या संसर्गापासून किमान १२० दिवस मातीला टेकणारी कोणतीही भाजी काढून खाऊ नका. उंच वेलीच्या भाजीला ९० दिवस. जंताची अंडी याहून पुष्कळ जास्त टिकतात, त्यामुळे पहिले वर्षभर मुळा, कोथिंबीर, कांद्याची पात कच्ची खाण्यासाठी लावू नये. एप्रिल-मेचे ऊन इथे कामी येते. माती वाफशावर आणा, भुसभुशीत करून सपाट करा, २५ ते ५० मायक्रॉनचे पारदर्शक प्लास्टिक मातीला चिकटेल असे ताणून कडा मातीत गाडा. एप्रिलच्या मध्यापासून चार ते सहा आठवडे तसेच राहू द्या. काळे प्लास्टिक या कामाला कमी पडते. वळवाच्या वाऱ्याने फाटले तर त्याच दिवशी चिकटपट्टी लावा, नाहीतर उष्णता निघून जाते. याने वरच्या चार-सहा इंचांतले जंतू, सूत्रकृमी आणि तणाचे बी कमी होते. नंतर खोल खणून खालची माती वर आणू नका. धातूंवर याचा काहीही परिणाम नाही.

वाळवीच्या औषधासाठी मातीवर उपचार करत बसण्यापेक्षा अंतर ठेवणे शहाणपणाचे: भिंतीपासून निदान ५ फूट. त्या पट्ट्यात मोगरा, जास्वंद, शोभेची झाडे लावा.

काय लावावे, कसे खावे

धातू फळात सर्वांत कमी जातात. टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी, शेवगा या जमिनीत लावायला बऱ्या. कारली, गिलके, दोडकाही, जुने वाळवीचे औषध नाही याची खात्री असेल तर. पालक, मेथी, चुका, शेपू, कोथिंबीर, तसेच मुळा, गाजर, बीट, रताळी ही उंच वाफ्यात किंवा कुंडीतच. पालक कॅडमियम सहज ओढतो. पालेभाजीतले शिसे मात्र मुळांतून कमी आणि पानांवर उडालेल्या मातीतून जास्त येते. पावसाचा थेंब उघड्या मातीवर आपटला की चिखल फूटभर उडतो. म्हणून वाफ्यात उसाचे पाचट किंवा वाळलेला पाला दोन-तीन इंच, आणि वाटांवर वीड मॅटवर खडी, किंवा दाट हरळी. परसात उघडी माती हातभरही ठेवू नका. मे महिन्याच्या वाऱ्यात तीच माती स्वयंपाकघरात येते. सातपूर-अंबडकडच्या बोअरचे किंवा नाल्याचे पाणी तपासल्याशिवाय भाजीला देऊ नका.

पालेभाजीची बाहेरची पाने टाका. लिटरभर पाण्यात १० मिली व्हिनेगर घालून पाने बुडवा, मग वाहत्या पाण्यात दोनदा धुवा. कंदांची साल जाडसर काढा आणि ती साल कंपोस्टमध्ये टाकू नका. बागेच्या चपला दाराबाहेर, हात साबणाने, नखांसकट. घरात कोणाला, विशेषतः लहान मुलाला किंवा गरोदर बाईला, माती खायची सवय असेल तर बाग बाजूला ठेवा आणि रक्तातले शिसे तपासून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आले तर शिशाचा स्रोत शोधून तो थांबवणे भाग आहे.

काढलेली दूषित माती घंटागाडीत, नाल्यात किंवा शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर टाकू नका. थोडी असेल तर जागेतच, उताराच्या आणि बोअरच्या दूर, जाड प्लास्टिकवर ढीग करून वरून झाका आणि ट्रॉलीभर असेल तर उचलण्याआधी प्रदूषण नियंत्रण मंडळाला विचारा. माती सुधारून लागवड केली असेल तर एका वर्षाने त्याच जागांचे, त्याच खोलीचे नमुने पुन्हा द्या. एकूण शिशाचा आकडा फारसा बदलणार नाही, खताने थोडा पातळ होईल इतकेच. म्हणून त्याबरोबर धुतलेल्या, खाण्यायोग्य भागाचा अर्धा किलो भाजीचा नमुना अन्न तपासणाऱ्या प्रयोगशाळेत द्या.